पोटातनं आवाज काढ म्हणतात, म्हणजे नक्की काय करायचं?

सकाळी सव्वासहाला आमच्या घरात कुकरच्या शिट्टीआधी माझी बुडबुड सुरू होते. स्टीलच्या पेल्यात निम्मं पाणी, त्यात शहाळ्यासोबत मिळते ती जाड स्ट्रॉ, टोक पाण्यात दोन बोटं बुडलेलं, आणि स्ट्रॉभोवती ओठ मिटून मी त्यातनं "ऊऽऽऽ" असा सूर सोडते. पाणी उकळल्यासारखं होतं, गाल थरथरतात, नाकाच्या दोन्ही बाजूंना मुंग्या आल्यासारखं वाटतं. पाच मिनिटं. मग चहा ठेवते. शेजारच्या काकूंनी परवा कंपाउंडवरनं विचारलंच, "बाई, रोज पहाटे ते बुडबुड कसलं ओ?" त्यांना तेव्हा दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं, पण आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर सुद्धा सहा-सात जणी कधीच्या विचारतायत की बाई तुमचा आवाज परत आला कसा ते सांगा की, म्हणून आज बसून सगळं लिहून काढते.

मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. राहायला बेळगावात, रोज बसनं जाऊन येऊन. चौदा वर्षं झाली. पट कमी म्हणून पहिली, दुसरी, तिसरी एकाच खोलीत बसतात आणि खोलीवर पत्रे आहेत. आता आमच्याकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते तो हा पट्टा, घाटमाथ्याचा पाऊस, मृग लागला की नवरात्रापर्यंत पत्र्यावर ताशा वाजत असतो, आणि त्या ताशावर आवाज चढवून मी चौदा वर्षं पाढे, कविता, बाराखडी शिकवली. मला कुणी वरडा म्हणून सांगितलं नव्हतं. ते आपोआप होतं. भोवती गोंगाट वाढला की माणसाचा आवाज न ठरवता चढतो, एतियेन लोम्बार्ड नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरनं १९११ मध्ये हे लिहून ठेवलं म्हणून त्याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. मला हे नाव कळेपर्यंत माझा घसा त्या परिणामाखाली पार झिजून गेला होता.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात सुरू झालं. आधी फक्त संध्याकाळी आवाज जाड यायचा, रात्री झोपलं की सकाळी ठीक. मग शनिवार-रविवार गेला की सोमवारी ठीक. मग दिवाळीची सुट्टी गेली तरी ठीक होईना. फोनवर अनोळखी माणसं मला "हां बोला सर" म्हणायला लागली. वरच्या पट्टीत गेलं की आवाज मध्येच तुटायचा, प्रार्थना सुरू करून द्यायची म्हटलं तर पहिल्या ओळीला नुसती हवा, आणि मान, खांदे, जबडा, सगळं संध्याकाळी असं भरून यायचं की धान्याची पोती उचलल्यासारखं.

घरी काय काय केलं त्याची मोजदाद नाही. ज्येष्ठमध, खडीसाखर, काळी मिरी, आल्याचा रस मधातनं, हळद-दूध. आत्यांनी (माझ्या सासूबाई) स्वतः काढा उकळून डब्यासोबत थर्मासमध्ये भरून दिला, रोज, न चुकता, तीन महिने. मी तो प्यायले आणि अजूनही पिते कारण गरम पोटात गेलं की बरं वाटतं, गळ्याचे ताणलेले स्नायू जरा सैल पडतात. पण एक गोष्ट मला नंतर कळली आणि ती सगळ्यांना कळायला पाहिजे असं मला फार वाटतं. आपण जे गिळतो ते स्वरतंतूंना लागतच नाही. गिळताना श्वासनलिकेचं तोंड बंद होतं, काढा अन्ननलिकेतनं खाली जातो, आणि स्वरतंतू तर श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. घोट त्यांना शिवला असता तर ठसका लागला असता. त्यांना बाहेरनं ओलावा पोचवतो तो फक्त श्वासातनं जाणारा दमटपणा, म्हणजे साध्या पाण्याची वाफ, आणि आतनं ओलावा येतो तो दिवसभर प्यायलेल्या पाण्यातनं, तोही लगेच नाही, अंगात मुरून मग. म्हणून वर्गात घसा सुकल्यावर बाटली तोंडाला लावून उपयोग नसतो, पाणी सकाळपासनं थोडं थोडं प्यायचं असतं. आणि आम्हा बाया शाळेत पाणी का पीत नाही ते बायांना माहीत आहे, बाथरूमची सोय नसते म्हणून. तो प्रश्न आवाजाचासुद्धा आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

एका दवाखान्यात दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. आत घसा कुणी बघितला नाही, बाहेरनं टॉर्च मारला फक्त. कुणाचाही आवाज तीन-चार आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जाऊन स्वरतंतू प्रत्यक्ष बघून घ्यायचे, एवढं एक तरी कृपा करून लक्षात ठेवा. क्वचित त्यामागं गंभीर काहीतरी असू शकतं, ते अंगावर काढायचं नाही. मी साडेपाच महिने काढलं.

शेवटी बेळगावातच एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी घशात फवारा मारला, जीभ गॉजच्या तुकड्यानं धरून पुढं ओढली, दांड्यासारखी दुर्बीण आत घातली आणि म्हणाले "ईऽऽ म्हणा". समोरच्या टीव्हीवर माझे स्वरतंतू. दोन पांढऱ्या पट्ट्या, पुढं जुळलेल्या, मागं उघडणाऱ्या, इंग्रजी व्ही उलटा ठेवावा तशा. त्या एका सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा एकमेकींवर आपटतात, बाईमाणसाचा साधा बोलण्याचा आवाज तेवढ्या कंपनांचा असतो, पुरुषांचा साधारण शंभर ते सव्वाशे. डोळ्यांना ते दिसणं शक्यच नाही म्हणून लखलखणारा प्रकाश टाकतात, मग ते सावकाश हलल्यासारखे दिसतात, ट्यूबलाइटखाली पंखा कधी कधी हळू उलटा फिरताना दिसतो ना, तसं. आणि दोन्ही पट्ट्यांवर, बरोब्बर समोरासमोर, पुढच्या बाजूनं साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, राजगिऱ्याच्या दाण्याएवढा एक एक उंचवटा. खुरपं धरून धरून हाताला घट्टे पडतात तसे घट्टे. आपटणं जिथं सगळ्यात जोरात होतं तिथंच ते पडतात. मी घरी येऊन वहीवर गुणाकार केला. सेकंदाला दोनशे, तासाला ३६०० सेकंद, म्हणजे घशातनं सलग तासभर सूर निघाला तर ७ लाख २० हजार वेळा त्या आपटणार. मी दिवसात किती बोलत होते?

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती मला आवडली. जिवंत माणसाचे स्वरतंतू आवाज काढताना पहिल्यांदा नीट बघितले ते डॉक्टरनं नाही, गाणं शिकवणाऱ्या एका मास्तरनं, मॅन्युएल गार्सिया त्याचं नाव. १८५४ मध्ये दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडून, स्वतःचेच स्वरतंतू बघितले. १०१ वर्षं जगला. शिकवणाऱ्या माणसालाच आवाजाचं एवढं वाटलं असणार, असं मला बसमध्ये येताना वाटत राहिलं.

ऑपरेशन नको म्हणाले. गाठी काढून टाकता येतात, पण बोलायची सवय तीच राहिली तर परत येतात. आवाजाची थेरपी घ्या, तीन महिने. आणि कुजबुजू नका. कुजबुजीनं आराम मिळतो ही आपली समजूत, पण बरीच माणसं कुजबुजताना घसा आणखी आवळतात, मी तर आवळतच होते. खाकरायचं पण नाही, खाकरणं म्हणजे दोन्ही पट्ट्या एकमेकींवर फाडकन् मारणं. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्यायचा नाहीतर नुसतं गिळायचं. हे एवढंसं करायला मला महिना लागला, खाकरणं किती अंगवळणी पडलं होतं ते तेव्हा कळलं.

थेरपीच्या मॅडम वयानं माझ्यापेक्षा खूप लहान, कन्नड बोलणाऱ्या, मराठी समजतं पण बोलताना अडखळतात, माझं कन्नड बाजारापुरतं. तरी आमचं छान जमलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला दोन आवाज काढायला लावले, घड्याळ लावून. आधी "स्ऽऽऽऽ" जितका लांब जाईल तितका. मग "झाड"मधला "झ्ऽऽऽऽ", भुंगा घोंगावल्यासारखा. स १९ सेकंद गेला, झ ११ सेकंदांत संपला. हवा दोन्हीला तीच, फुप्फुसं तीच. स ला स्वरतंतू लागत नाहीत, झ ला लागतात. ते नीट मिटत असतील तर दोन्ही जवळपास सारखे जायला पाहिजेत. माझ्या गाठींमुळं पट्ट्या मध्ये मिटत नव्हत्या, फटीतनं हवा गळत होती, आणि गळणारी हवा भरून काढायला मी आणखी जोर लावत होते, जोर लावला की गाठी आणखी वाढणार. कागदावर दोन आकडे लिहून त्यांनी माझ्यापुढं सरकवले, काही बोलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, आता मोठा श्वास घ्या. मी घेतला. छाती फुगवून, खांदे कानाला लागतील असा, आणि पोट आत ओढून धरलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाल्या, "बाई, हे कुणी शिकवलं?"

खरं सांगायचं तर मला सगळ्यांनीच शिकवलं होतं. शाळेत कवायतीला "छाती पुढं, पोट आत". बीएड-डीएडच्या कुठल्याही कोर्सला आवाज कसा वापरायचा हा तास नसतो, पाठ घेताना निरीक्षक मागं बसून फक्त "आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे" एवढं लिहितात. आणि घरी नाना, माझे वडील, भजनाला बसणारे, लहानपणापासनं एकच सांगायचे, आवाज गळ्यातनं नको, पोटातनं काढ. मी ते मनापासून पाळत होते की. पोट गच्च आवळून, मूठ आवळावी तसं, तिथनं आवाज वर ढकलत होते. चौदा वर्षं.

तर पोटातनं म्हणजे काय ते आता. हवा पोटात जात नाही, कधीच नाही, ती फुप्फुसात जाते. छातीच्या पिंजऱ्याच्या तळाला घुमटासारखा एक स्नायू ताणलेला असतो, डायफ्रॅम, श्वास घेताना तो घुमट खाली सपाट होतो आणि फुप्फुसांना जागा मिळते. तो खाली आला की त्याच्या खालची आतडीबितडी जाणार कुठं, म्हणून पोट पुढं येतं. बस. पोट पुढं येतं ही खूण आहे, काम नाही. पोट मुद्दाम फुगवायचं नाही आणि मुद्दाम आवळायचं तर अजिबात नाही, कारण आवळलेलं असेल तर घुमटाला खाली यायला वाट नाही, मग श्वास वर छातीत अडकतो, खांदे चढतात, मान ताठते, आणि स्वरयंत्र ज्या स्नायूंवर टांगलेलं आहे तेच सगळे ताणले जातात. मॅडमनी मला जमिनीवर चटईवर झोपवलं, गुडघे वर, पोटावर पुस्तक ठेवलं. तिसरीचं गणिताचं, पिशवीत तेच होतं. "काही करू नका," म्हणाल्या, "पुस्तकाकडं बघा." पाच मिनिटांनी पुस्तक आपोआप वर-खाली व्हायला लागलं. मी काही केलं नव्हतं. झोपेत सगळी माणसं असाच श्वास घेतात, बाळं तर जागेपणीही घेतात.

आणि त्या म्हणायच्या, "उसिरु बिड्री बाई. निधान, निधान." उसिरु म्हणजे श्वास, बिड्री म्हणजे सोडा. निधान म्हणजे कन्नडात सावकाश. आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा, पुरून ठेवलेलं धन. त्या चटईवर पडल्या पडल्या मला दोन्ही अर्थ एकदमच ऐकू यायचे आणि का कोण जाणे डोळ्यांत पाणी यायचं.

माझं चुकत होतं ते श्वास घेण्यात कमी आणि सोडण्यात जास्त, हे हळूहळू कळत गेलं. मला वाटायचं दम कमी पडतोय, अजून मोठा श्वास घ्यायला पाहिजे. उलट होतं. साधा बसल्या बसल्या घेतलेला श्वास अर्ध्या लिटरच्या आसपास असतो आणि साधं बोलायला त्याच्या थोडं वर एवढंच पुरतं. मी गच्च भरून घेत होते, मग ती हवा बाहेर उसळायला बघते, तिला अडवायला घसा दार लावून धरतो, आणि त्या बंद दारातनं बोलायचं म्हणजे धक्काबुक्की. हे एक. दुसरं टोक त्याच्याही वाईट, वाक्य संपेपर्यंत श्वास घ्यायचाच नाही. मॅडमनी सांगितलं म्हणून मी वर्गातलं माझं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि घरी हेडफोन लावून ऐकलं. "तर मुलांनो काल आपण बघितलं की झाडाला पाणी कुठनं मिळतं तर मुळांतनं मिळतं आणि मग ते पाणी खोडातनं वर..." एका दमात, आणि शेवटच्या चार-पाच शब्दांना आवाज नुसता करकरतोय, बैलगाडीच्या वंगण नसलेल्या चाकासारखा. हवा केव्हाच संपलेली, मानेच्या शिरा बोलतायत. मी ते तीन वेळा ऐकलं. असा आवाज मी मुलांना दिवसभर ऐकवत होते.

तर वाक्य तोडायचं. चार-पाच शब्द, थांबा. थांबल्यावर श्वास "घ्यायचा" नाही, पोट सैल सोडायचं, हवा आपली आपण आत येते. ही गोष्ट सांगायला एक ओळ आणि अंगात मुरायला चार महिने.

नानांना हे सांगायला गेले तेव्हा ते ओट्यावर बसून टाळांची दोरी बदलत होते. नाना ७६ वर्षांचे, येळ्ळूरला असतात, राजहंसगड त्यांच्या दारातनं दिसतो. आवाज अजून घंटेसारखा. तरुणपणी सीमाप्रश्नाच्या मोर्चात घोषणा द्यायला ह्यांनाच पुढं करायचे. मी विचारलं, नाना, तुमचा आवाज कसा बसला नाही ओ कधी? ते म्हणाले, "बसंल कसा. मी एक ओळ द्यायचा, मग माणसं वरडायची. ती वरडतात तवर मी गप. भजनातबी तेच की, बुवानं एक चरण म्हणायचं, मागच्यांनी उचलायचं, तवर बुवाचा दम परत भरतो." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू पोरांबरोबर पण म्हणतीस, होय ना?"

मी म्हणत होते. बाई म्हणणार "सात एके सात", मुलं म्हणणार "सात एके सात", आणि मुलं म्हणताना परत मीही त्यांच्या वर आवाज काढून म्हणणार, ती बरोबर म्हणतायत की नाही म्हणून. तीस मुलांच्या आवाजावर एक आवाज. जिथं मला श्वास मिळायला पाहिजे तिथंच मी सगळ्यात जास्त वरडत होते. हे ना डॉक्टरांना दिसलं ना मॅडमना, कारण ते वर्गात आले नव्हते. नानाही आले नव्हते, पण त्यांनी ओळखलं. मग त्यांनी मला समोर बसवून एका श्वासात जमतील तेवढे "विठ्ठल" म्हणायला लावलं. मी नेहमीप्रमाणं दम भरून सुरुवात केली तर टाळ खाली ठेवून म्हणाले, "वरडूलैस कशाला, म्हण की नुसतं." सातव्या-आठव्या विठ्ठलाला गळा आवळायच्या आत थांबायचं, पोट सोडायचं, परत. किती झाले ते मोजायचं नाही, कुठं आवळायला सुरुवात होते ते ओळखायचं. त्यांच्या पोटावर हात ठेवायला सांगितला मला. गच्च नव्हतं ते. मऊ होतं, आणि विठ्ठल म्हणताना सावकाश, एकसारखं, आत जात होतं, दळताना जात्यातलं धान्य खाली जातं तसं. पोटातनं काढ म्हणजे हे होतं. नाना चाळीस वर्षं बरोबरच सांगत होते, पण हात ठेवून बघेपर्यंत मला ते कळलं नव्हतं.

त्याच दिवशी नानांनी कुमारजींचा, म्हणजे गवई कुमार गंधर्वांचा, विषय काढला. आमच्याकडं हा विषय निघतोच, सुळेभावीचे ना ते, ८ एप्रिल १९२४ चा जन्म, शिवपुत्र कोमकली खरं नाव, आपल्या बेळगावातलं रंगमंदिर त्यांच्याच नावाचं. क्षयानं त्यांचं एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं, गाणं बंद करायला लागलं, देवासला काही वर्षं नुसतं पडून काढली, आणि औषधांनी बरे होऊन १९५३ च्या सुमारास परत मैफलीला बसले. मोठा दमसास उरला नव्हता. मग त्यांनी छोटे छोटे तुकडे घेतले, मध्ये मोकळी जागा सोडली, एखादा सूर झटकन् लावून सोडून दिला, आणि ती जागासुद्धा गाण्याचाच भाग झाली. नाना त्यांना ऐकलेले आहेत. मी गाणारी नाही, माझी त्यांच्याशी काही तुलना नाही, पण श्वास कमी असेल तर वाक्य छोटं करावं आणि मधल्या शांततेची लाज वाटू देऊ नये, हे मला मॅडमच्या कागदापेक्षा त्या गोष्टीनं जास्त पटलं. वर्गात मध्येच गप्प बसायची मला भीती वाटायची, गप्प बसले की मुलं उधळणार. नाही उधळत. बघतात, बाई आता काय म्हणणार म्हणून.

स्ट्रॉचं आता सांगते, काकूंचा प्रश्न तोच होता. तोंड उघडं ठेवून सूर काढला तर हवा सरळ निघून जाते. स्ट्रॉतनं काढला तर बाहेर जायला वाट अरुंद, म्हणून तोंडात थोडा दाब साठतो आणि तो उलटा स्वरतंतूंवर येतो, त्यांना हलकासा आधार मिळतो, मग ते एकमेकींवर जोरात न आपटता कंप पावतात. मालिशच म्हणा आतली. ओठ फुर्रर्र करणं, गुणगुणणं, ह्याचंही काम तेच. बुडबुडे एकसारखे यायला लागले की समजायचं श्वास एकसारखा सुटतोय, मध्येच उसळले की पोट आवळलं. पाणी म्हणजे माझा आरसा आहे. पाच मिनिटं झाली की स्ट्रॉ काढून "मऽऽ", मग "मामा", "मावशी", "मनी माऊ", तोच मुंग्यांचा झणझणाट ओठात आणि नाकाच्या बाजूला धरून. तो झणझणाट पुढं लागला की आवाज लांब पोचतो, जोर न लावता. बसमध्ये मात्र सराव करायला जाऊ नका, इंजिनच्या आवाजावर तुम्ही नकळत चढवाल. मी बसमध्ये आता बोलतच नाही, बरोबरच्या बाईंना सांगून टाकलंय, त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही.

जेवणाचंही होतं थोडं. रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवं व्हायची सवय होती. ॲसिडिटी मला कधी जाणवली नाही, छातीत जळजळ वगैरे काही नाही, तरी आम्ल वर घशापर्यंत येऊन स्वरतंतूंना लागू शकतं असं डॉक्टर म्हणाले. जेवण आठला आणलं. सकाळी घशात चिकट वाटायचं ते दोन आठवड्यांत गेलं.

शाळेत पहिले पंधरा दिवस डॉक्टरांनी अगदी कमी बोला म्हणून सांगितलेलं. हेडमास्तरांनी समजून घेतलं. मी पाटीवर लिहायची आणि दुसरीतली एक मुलगी, चुणचुणीत, पाटी हातात घेऊन पुढं उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवायची, "बाई म्हणतात की वह्या काढा", "बाई म्हणतात की गप्प बसा". एकदा मी लिहिलं नव्हतं तरी तिनं वाचलं, "बाई म्हणतात की आज खेळायला सोडणार". सोडलं मग. त्या पंधरा दिवसांत तिचं वाचन एवढं सुधारलं की बस. पुढं मी खूप गोष्टी आवाजाशिवाय करायला लागले. हात वर केला की शांत. टाळी दोनदा म्हणजे पाट्या काढा. लांबच्या मुलाला इथनं हाक मारायची नाही, उठून त्याच्याजवळ जायचं. फळ्याकडं तोंड करून बोलायचं नाही. ओल्या फडक्यानं फळा पुसायचा, खडूची धूळ उडत नाही. मुलांना पण सांगते, मधल्या सुट्टीत चिरकत ओरडू नका, कारण असल्या गाठी लहान मुलांनाही होतात, ओरडणाऱ्या मुलग्यांना तर जास्त. तिसरीत एकाचा आवाज कायम घोगरा आहे, सगळे त्याला म्हाताऱ्या म्हणतात. त्याच्या आईला मी बोलावून सांगितलं की एकदा दाखवून आणा, चिडवण्यासारखं काही नाही त्यात. दाखवून आणलं त्यांनी.

तीन महिन्यांनी परत दुर्बीण घातली. एका बाजूची गाठ गेलेली, दुसऱ्या बाजूला नुसती खूण. स १८ सेकंद, झ १६. मॅडमनी कागदावर परत आकडे लिहिले आणि ह्या वेळी खाली काहीतरी कन्नडात लिहून मला दिलं. बसमध्ये शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीकडनं वाचून घेतलं, "आता विसरू नका" असं होतं.

विसरते अजून. आनंदानं बोलायला लागले की, नाहीतर चिडले की, खांदे वर जातात. कळतं मात्र लगेच.

ह्या वर्षीचा पाऊस सुरू झालाय. परवा दुपारी पाढे चाललेले असताना एकदम अंधारून आलं आणि पत्र्यावर असा कोसळला की शेजारच्याचं ऐकू येईना. मी बोलायचं थांबवलं, फळ्यावर लिहिलं, "सातचा पाढा वहीत", आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. पोटावर हात ठेवला, सवयीनं. मुलं लिहीत होती, कुणी कुणी पावसाकडं बघत होती, वीसेक मिनिटं गेली असतील. मग पाऊस कमी कमी होत थांबला, पागोळ्या तेवढ्या राहिल्या. पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "बाई, थांबला."

"सात पंचे," मी म्हटलं, आणि गप्प बसले.

"पस्तीऽऽस."